खिडकीची जाळी घरच्या घरी: आधी फट शोधा, मग जाळी बदला

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आमच्या धाकट्याला डेंग्यू झाला. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्या खिडक्यांना जाळ्या होत्या, पण दोन फाटलेल्या होत्या. मुलगा घरी आल्यावर मी लगेच कारागीर बोलावला आणि तीन खिडक्यांच्या जाळ्या नव्या करून घेतल्या. आठवडाभरात पुन्हा पायाशी डास. जाळी कोरी, कुठे एक भोक नाही. शेवटी एका दुपारी खोलीचं दार लावलं, दिवा बंद केला, पडदे सारले आणि खिडकीसमोर बसून राहिले. जाळीचं शटर (खिडकीचा सरकणारा जाळीचा भाग) आणि खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट यांच्या मधून उजेडाची एक सरळ उभी रेघ दिसत होती, वरपासून खालपर्यंत. डास तिथून येत होते.

तेव्हापासून ठाण्याच्या घरातल्या सगळ्या जाळ्या मी स्वतः दुरुस्त केल्या आणि नंतर गुहागरला सासरच्या घरातल्या जुन्या लाकडी खिडक्याही केल्या. काम अवघड नाही. पण कोणत्या क्रमाने करायचं आणि दुकानात काय मागायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे. हातात कधी पेचकस धरला नसेल तरी चालेल.

सुरुवातीला एक गोष्ट. आपल्याकडे दिवेलागणीला खिडक्या लावायची सवय असते, दिवसभर मात्र जाळीचं शटर बाजूला सारलेलं असतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधीच्या तासांत जास्त. त्यामुळे काच उघडी असेल तेवढा सगळा वेळ जाळी जागेवर हवी. फक्त संध्याकाळी लावली जाणारी जाळी निम्मंच काम करते.

१. डास कुठून येतो ते शोधा

दोन चाचण्या करा. पहिली उजेडाची, वर सांगितली ती. भर दुपारी खोलीत अंधार करून खिडकीच्या चारही कडा, कोपरे आणि दोन शटरं एकमेकांना भेटतात ती जागा नीट बघा. जिथे उजेड दिसेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा.

दुसरी काडीची. काडेपेटीतली काडी साधारण २ मिमी जाड असते. खूण केलेल्या फटीत ती सहज जात असेल, तर तिथून डासही येतो असं समजा. चांगल्या जाळीचं छिद्रही १.२ ते १.५ मिमीच असतं, यावरून २ मिमीची फट किती मोठी ते लक्षात येईल.

तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीत, म्हणजे दोन काचा आणि एक जाळी असते त्या खिडकीत, आणखी एक सापळा आहे आणि तो माझ्याही लक्षात उशिरा आला. काच अर्धवट उघडली की जाळीच्या शटरची उभी पट्टी आणि काच यांच्या मध्ये पोकळी राहते. डास काचेच्या कडेवरून आत शिरतो, जाळी आणि काच यांच्या मधून सरकत येतो आणि खोलीत उतरतो. काच पूर्ण सरकवली, की काचेच्या शटरची उभी पट्टी जाळीच्या उभ्या पट्टीच्या बरोबर मागे येते आणि ही पोकळी बंद होते. म्हणून काच एकतर पूर्ण उघडी ठेवा नाहीतर पूर्ण बंद. घरातल्या सगळ्यांना हे दाखवून द्या. आमच्याकडे निम्मे डास याच एका सवयीने कमी झाले, एक रुपया खर्च न करता.

२. तुमची खिडकी कोणत्या प्रकारची आहे

साधारण तीन प्रकार असतात. पहिला, ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी. हिच्यात जाळीचं वेगळं शटर असतं आणि जाळी खाचेत रबराने दाबून बसवलेली असते. दुसरा, दोनच ट्रॅकची किंवा झडपांची खिडकी, जिला जाळीची सोयच नाही. तिथे वेल्क्रो लागतो. तिसरा, जुनी लाकडी खिडकी, जिथे जाळी लाकडी पट्टीखाली चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेली असते.

स्लायडिंग असेल तर शटरच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूला जाळीच्या कडेने रबराची दोरी दिसते का ते बघा. दिसत असेल तर काम घरी होतं. रबर कुठेच दिसत नसेल आणि जाळी थेट सेक्शनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्टीच्या, आत गेलेली असेल, तर शटरचे कोपऱ्यांतले स्क्रू काढून चौकट सुटी करावी लागते. पहिल्याच वेळी हे करू नका. शटर काढून फॅब्रिकेटरकडे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे, न्या. घरी बोलावण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि समोर उभं राहून करून घेता येतं.

३. साहित्य

स्लायडिंगसाठी: जाळी, जाळीचं रबर, दोन चाकांचा छोटा रोलर, नवीन पात्याचा कटर, चपटा आणि फुलीचा असे दोन पेचकस, मोजायची टेप, मास्किंग टेप, जुना टूथब्रश, हातमोजे, आणि फटींसाठी केसाळ ब्रशपट्टी. हार्डवेअरच्या दुकानात या पट्टीला वुलपाईल म्हणतात.

लाकडी खिडकीसाठी वरच्यातलं रबर आणि रोलर वगळा आणि पटाशी, हातोडी, पक्कड, गुण्या व स्टेपलर गन घ्या.

रबर विकत घेताना अंदाजाने घेऊ नका. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून सोबत न्या. रबरं वेगवेगळ्या जाडीत मिळतात आणि अर्ध्या मिमीच्या फरकानेही गडबड होते. जाड घेतलं तर खाचेत जात नाही, बारीक घेतलं तर पहिल्या वाऱ्यात जाळी सुटते. जुनं रबर खूप वाळून आक्रसलेलं असेल तर खाचेची रुंदी मोजून न्या आणि दोन जाडीचे हात-हातभर तुकडे आणून घरी बसवून बघा.

४. कोणती जाळी घ्यायची

दुकानदार भाव चौरस फुटाला सांगतो, पण जाळी रोलच्या रुंदीत येते, बहुतेक ३ किंवा ४ फुटी. तुमचं शटर सव्वातीन फूट रुंद असेल तर ४ फुटीच घ्यावी लागेल. ३ फुटी घेऊन जोड देऊ नका, त्या जोडावरच ती फाटते. प्रत्येक बाजूला २ इंच जास्त धरा.

फायबरची जाळी, म्हणजे पीव्हीसीचा लेप असलेल्या काचतंतूंची, सगळ्यात सोपी. गंजत नाही, दुमडली तरी कायमचा वळ पडत नाही, कटरने कापता येते. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच घ्यावी. कापताना बारीक तंतू उडून हाताला खाज येते, म्हणून हातमोजे. तळमजल्यावर किंवा चाळीत उंदीर-घुशींचा वावर असेल, किंवा खिडकीशी झाड येऊन खारी येत असतील, तर फायबर टिकणार नाही, कुरतडली जाते. तिथे स्टेनलेस स्टीलचीच लावा. ती महाग पडते, कापायला आणि ताणायला कठीण असते, तारा हातात घुसतात, पण एकदा लावली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

ॲल्युमिनियमची जाळी मला आवडत नाही. बोट लागलं तरी खळगा पडतो आणि तो निघत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी समुद्राजवळ अजिबात घेऊ नका. खारा वारा तिला दोन-चार पावसाळ्यांत खातो. स्टेनलेसमध्येही दोन प्रती मिळतात, ३०४ आणि ३१६. समुद्राच्या तोंडावर घर असेल तर ३१६ विचारा. ३०४ वर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात.

छिद्रांची घनता दुकानातच तपासा. टेप जाळीवर ठेवून एका इंचात किती छिद्रं येतात ती मोजा, आडवी आणि उभी. एका दिशेने १८ आणि दुसऱ्या दिशेने १६ भरली तर डासांसाठी ती पुरेशी आहे. १२-१४ भरत असतील तर ती माशांपुरती. १८ × १६ च्या जाळीतून चिलटं मात्र येतात. त्यासाठी आणखी बारीक जाळी मिळते, पण तिच्यातून वारा कमी येतो. कोकणातल्या उकाड्यात मी ती घेणार नाही.

रंग काळा किंवा करडा घ्या. पांढरी जाळी उजेड परत फेकते, म्हणून बाहेरचं धूसर दिसतं.

५. भोक लहान असेल तर

एखादं भोक पडलं म्हणून पूर्ण जाळी बदलायची गरज नाही. आधी बघा, तंतू तुटलेत की नुसते सरकलेत. सरकले असतील तर सुईच्या टोकाने एकेक तंतू जागेवर आणा, भोक बुजतं.

फायबरची जाळी इंचभर फाटली असेल तर त्याच जाळीचा तुकडा चहूबाजूंनी अर्धा इंच मोठा कापा, भोकावर ठेवा आणि पतंगाच्या नव्हे, नायलॉनच्या पातळ दोऱ्याने कडेने शिवा. टाके जाळीच्याच छिद्रांतून घ्यायचे. धातूच्या जाळीची रीत वेगळी आणि फार समाधान देणारी आहे. तुकडा कापल्यावर त्याच्या चारही बाजूंच्या कडेच्या तीन-चार तारा ओढून काढा, म्हणजे कडेला मोकळ्या तारांची झालर उरते. ती झालर काटकोनात वाकवा, तुकडा भोकावर दाबून तारा पलीकडे काढा आणि मागच्या बाजूने आतल्या दिशेला दुमडा. ना दोरा, ना गोंद.

चिकटपट्टी लावू नका. उन्हाने चार दिवसांत सुटते आणि चिकटा मागे ठेवते, त्यावर धूळ बसते. एम-सीलही नको. ते दगडासारखं घट्ट होतं आणि मऊ जाळी त्याच्या कडेने नव्याने फाटते. आणि रबराच्या अगदी लगत, कडेने जाळी चिरली असेल तर ठिगळ टिकत नाही. तिथे जाळी बदला.

६. शटर काढणं

एकट्याने करू नका. खालच्या मजल्यावर राहत असाल तरी नको. दुसरं माणूस शटर धरायला हवं. खिडकीला बाहेरून ग्रील नसेल तर आधी शटरच्या पट्टीला दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक घरातल्या जड वस्तूला. हातातून निसटलेलं शटर खाली चालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जातं. ग्रील नसलेल्या खिडकीत वाकून, बाहेर अंग काढून कोणतंही काम करू नका. जाळीचं शटर सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर असेल आणि ग्रील नसेल, तर हे काम कारागिराला द्या. यात वाचवलेले पैसे नकोत.

शटर आतल्या ट्रॅकवर असेल तर असं काढा. ते खिडकीच्या मधोमध आणा. दोन्ही हातांनी दोन्ही उभ्या पट्ट्या धरून सरळ वर उचला, म्हणजे वरची कड वरच्या ट्रॅकमध्ये खोल जाते आणि खालची चाकं ट्रॅकवरून सुटतात. आता खालची बाजू आपल्याकडे ओढा आणि शटर खाली उतरवा. उचललं जात नसेल तर जोर लावू नका. वरच्या ट्रॅकमध्ये शटर उचललं जाऊ नये म्हणून एखादा ठोकळा किंवा स्क्रू बसवलेला असतो, तो आधी काढा.

शटर निघालं की खालची चाकं, ज्यांना सगळे बेअरिंग म्हणतात, फिरवून बघा. अडकत असतील तर आताच बदला. घासणारं बेअरिंग शटरला एका बाजूला झुकवतं, आणि शटर झुकलं की वरच्या कोपऱ्यात पाचरीसारखी फट पडते. माझ्या त्या उभ्या उजेडाच्या रेघेचं अर्धं कारण हेच निघालं. जाळी बदलून देणाऱ्याने बेअरिंगकडे पाहिलंच नव्हतं. नवीन बेअरिंग आणताना जुनं सोबत न्या.

७. जाळी बदलणं

हा मुख्य भाग, सावकाश करा. पहिल्या शटरला मला दोन तास लागले, आता पाऊण तास लागतो.

जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि रबर दिसेल ती बाजू वर येईल असं शटर ठेवा. एका कोपऱ्यात चपटा पेचकस घालून रबराचं टोक उचला आणि ओढत सगळं काढा. जुनी जाळी सुटते. खाच टूथब्रशने घासून काढा. वर्षानुवर्षांची माती तिच्यात बसलेली असते आणि ती राहिली तर नवीन रबर वर तरंगतं.

नवीन जाळी लावण्यापूर्वी शटर काटकोनात आहे का ते बघा. टेपने दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि मग उलट. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना हलकेच दाबून सारखं करा आणि कोपऱ्यांतले स्क्रू आवळा. वाकड्या चौकटीवर जाळी बसवली की ती वाकडीच कायम होते.

आता जाळी पसरा, चहूबाजूंनी २ इंच बाहेर राहील अशी. जाळीचे उभे तंतू चौकटीच्या उभ्या पट्टीला समांतर आहेत ना ते नीट बघा. तिरकी लागली तर पुढे कितीही ताणा, सुरकुती जाणार नाही. वरच्या दोन कोपऱ्यांना मास्किंग टेपने धरून ठेवा.

रोलरला दोन चाकं असतात. एकाची कड फुगीर असते, दुसऱ्याच्या कडेला खोबण. फुगीर चाकाने जाळी आधी हलक्या हाताने खाचेत दाबून घ्या. मग रबर खाचेवर ठेवून खोबणीच्या चाकाने ते आत बसवत जा. कोपऱ्यापासून सुरुवात करून एक लांब बाजू पुरी करा. कोपऱ्यात रबर कापायचं नाही, पेचकसाच्या टोकाने आत ढकलून तसंच वळवायचं आणि पुढच्या बाजूला जायचं. रबर अडत असेल तर साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावरून फिरवा. रोलर जोराने मागेपुढे घासू नका, चाक घसरलं की जाळी चिरते. छोट्या छोट्या टप्प्यात, एकाच दिशेने.

आता ताण किती द्यायचा. इथे नवशिक्या हमखास चुकतो, कारण जाळी जितकी ताठ तितकी चांगली असं वाटतं. ढोलकीसारखी ताणू नका. रबर खाचेत जाताना स्वतःच जाळीला ओढतं. तुम्ही आधीच ताणलेली असेल तर दोन्हीचा जोर मिळून ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या मधे आत ओढल्या जातात, डमरूसारख्या. शटर जागेवर बसवल्यावर मग चौकटीशी फट पडते, आणि ज्यासाठी हे सगळं केलं तेच फुकट जातं. जाळी सपाट असावी, मधे बोट टेकवलं की किंचित दबून परत यावी, एवढंच. शटर उंच असेल तर काम करताना दोन लांब पट्ट्यांच्या मधे, चौकटीच्या आत, बरोबर मापाची लाकडी काठी आडवी अडकवून ठेवा. जाळी बसून झाली की काढा.

चारही बाजू झाल्यावर सुरकुती दिसली तर घाबरू नका. त्या बाजूचं रबर हातभर उचला, जाळी थोडी ओढा, पुन्हा बसवा. रबराला कितीही वेळा उचलता येतं.

शेवटी कापणं. कटरला नवीन पातं लावा. पातं रबराच्या बाहेरच्या कडेवर ठेवून बाहेर, चौकटीकडे कललेलं धरा. आत कललेलं पातं रबर कापतं किंवा जाळीच. सगळी मेहनत शेवटच्या मिनिटात वाया जाऊ शकते, म्हणून या वेळी मुलांना खोलीबाहेर ठेवा आणि फोन घेऊ नका.

८. शटर परत बसवणं आणि फटी बुजवणं

वरची कड आधी वरच्या ट्रॅकमध्ये घाला, उचला, खालची चाकं ट्रॅकवर टेकवा. आता उजेडाची आणि काडीची चाचणी पुन्हा करा.

उभ्या फटीसाठी ब्रशपट्टी. शटरच्या उभ्या सेक्शनला बारीक खाच असते, तिच्यात मुळातच अशी पट्टी असते. आठ-दहा वर्षांत केस झडून ती टकली होते. जुनी ओढून काढा, नवी वरून सरकवत घाला आणि वरच्या टोकाशी पकडीने खाच किंचित दाबा, म्हणजे पट्टी खाली घसरत नाही. खाच नसेल तर मागे चिकटा असलेली पट्टी मिळते. केसांची उंची निवडताना फटीपेक्षा किंचित जास्त घ्या, फार जास्त घेतली तर शटर सरकत नाही.

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पावसाचं पाणी जायला भोकं असतात. डास तिथूनही येतात, आणि हे समजल्यावर काही लोक ती सिलिकॉनने बंद करतात. तसं अजिबात करू नका. जुलैत पाणी ट्रॅकमध्ये तुंबून घरात येईल. भोकावर आतून जाळीचा छोटा तुकडा लावा आणि पावसाळ्यात आठवड्याला ट्रॅक पुसा. माती साचली की तो तुकडा तुंबतो.

९. शटरच नसेल तर वेल्क्रो

भाड्याच्या घरात हाच मार्ग बरा, फक्त मालकाला विचारून घ्या, कारण पट्टी काढताना कधी कधी रंग निघतो. वेल्क्रोची काटेरी पट्टी चौकटीला चिकटते आणि मऊ पट्टी जाळीच्या कडेला शिवलेली असते. तयार मापाच्या जाळ्या मिळतात, पण शिंप्याकडून तुमच्या मापाने शिवून घेतलेली जास्त नीट बसते.

पट्टी भिंतीवर लावू नका. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीचा रंग चिकट्यासकट सुटून येतो. ॲल्युमिनियमवर किंवा ऑइलपेंटच्या लाकडावर ती टिकते. आधी स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टी लावून अंगठ्याने सगळीकडे दाबा, आणि २४ तास तिला हात लावू नका. जाळी दुसऱ्या दिवशी. लगेच जाळी लावली की तिच्या ओढीने पट्टी उचकटते, आणि मग लोक वेल्क्रोला नावं ठेवतात. कोपऱ्यात दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. तिथे पेराएवढी जागा सुटलेली मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

हे काम एप्रिल-मेमध्ये करा. पावसाळी दमट हवेत चिकटा धरत नाही.

१०. लाकडी खिडकी

गुहागरच्या घरात खिडक्यांना गज आहेत आणि झडपा आत उघडतात, म्हणून जाळी बाहेरून, अंगणातून ठोकलेली. सासूबाई म्हणाल्या, जाळी अजून चांगली आहे, फक्त खालून सुटली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर मधली जाळी खरंच धड होती. लोखंडी चुका गंजल्या होत्या आणि प्रत्येक चुकेभोवती जाळीही गंजून गळाली होती. कडेने ओळीने भोकं.

पट्टी काढताना पटाशी मधोमध घाला, कोपऱ्यात नाही. मधे पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि कोपऱ्यातला तिरका सांधा न मोडता निघतो. पट्ट्यांच्या मागे पेन्सिलीने वर, खाली, डावी, उजवी असं लिहून ठेवा, त्याच परत लावायच्या आहेत. जुन्या चुका पकडीने उपटा, चौकट सँडपेपरने घासा, वाळवी लागली आहे का ते टोकदार वस्तूने टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं तर तिथेच थांबा आणि सुतार बोलवा.

नवी जाळी वरच्या बाजूला मधोमध एक स्टेपल मारून अडकवा, मग खाली मधोमध, मग डावी, उजवी, आणि मधून कोपऱ्यांकडे जा. दर २ इंचांवर स्टेपल. समुद्राजवळ स्टेपल आणि खिळे स्टेनलेसचे किंवा पितळेचेच वापरा. त्यावरून पट्ट्या ठोका, आणि पट्टी व चौकट यांच्या मधली रेघ लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, भरून रंग द्या. पाणी आत शिरलं नाही तर हे काम खूप टिकतं.

झडपा बाहेर उघडत असतील तर जाळी आतून लागते, आणि कडी काढायला हात जायला हवा म्हणून जाळीची स्वतंत्र झडप बिजागरीवर करावी लागते. सुताराला सांगा की चहूबाजूंनी ३ मिमी जागा ठेव. पावसात लाकूड फुगतं, घट्ट बसवलेली झडप जुलैत उघडत नाही. ती जागा ब्रशपट्टीने झाका.

११. ज्या खिडक्यांकडे कुणी बघत नाही

न्हाणीघराची आडव्या काचपट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट पंख्याचं भोक, एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथली पोकळी. एसीच्या पाइपाभोवतीची पोकळी पुट्टीने भरा. काचपट्ट्यांच्या खिडकीला आतून वेल्क्रोची जाळी लागते.

पण न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर थांबा. त्या खिडकीची हवा ही जिवाची गोष्ट आहे. बारीक जाळीवर वाफ, धूळ आणि जळमटं साचून ती काही महिन्यांत जवळजवळ बंद होते, आणि गिझरमधून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी गिझर बाहेर हलवा, मग जाळीचा विचार करा.

गावाकडच्या घरात शौचालयाच्या टाकीचा उभा व्हेंट पाइप नक्की बघा. आरोग्य खात्याचे लोक घरोघरी येऊन हे सांगतात आणि त्यांचं बरोबर आहे. टाकीत वाढलेले डास त्या पाइपातून बाहेर पडतात. पाइपाच्या तोंडाला जाळी दुमडून बांधली की काम झालं. उरलेल्या तुकड्यांचा हा सगळ्यात चांगला उपयोग. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपालाही तेच करा.

आणखी एक. जाळी माणसाला अडवत नाही. लहान मूल जाळीला टेकलं तर जाळी चौकटीतून सुटते, मूल बाहेर जातं. मांजराचंही तेच. ज्या खिडकीशी मूल पोहोचतं तिथे ग्रील हवीच, आणि खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची नको.

१२. निगा

दोन महिन्यांतून एकदा मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा, मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसा. एका हाताने मागून आधार द्या, नाहीतर रबर सैल होतं. उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा मारू नका. वेल्क्रोची जाळी हाताने धुवा, यंत्रात नाही, आणि काटेरी पट्टीत अडकलेले केस-धागे जुन्या टूथब्रशने काढा, तिची पकड परत येते. दरवर्षी मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आत, पुन्हा एक दुपार खोलीत अंधार करून बसा आणि कडांना उजेड दिसतो का ते बघा.